कुंकू न पुसलेले तीन संगणक

आमच्या शाळेतले तीन जुने संगणक भंगारवाल्याच्या गाड्यावर गेले, तेव्हा त्यांच्या आत मुलांची नावं, फोटो आणि घरचे फोन नंबर तसेच होते. ते संगणक मी दिले. ठपका दुसऱ्या माणसावर आला आणि मी तो येऊ दिला. तो माणूस म्हणजे पेचकस मामा. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, तर हे आधी सांगून टाकायला हवं. नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

मुरुमच्या आमच्या हायस्कूलमध्ये मामा प्रयोगशाळा परिचर होते. आम्ही मास्तर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतो, तसा मामांच्या खिशात पिवळ्या मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, असायचा. शाळेत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, अगदी कुणाच्या मातीला गेले तरी तो तिथंच. एकदा मुख्याध्यापक म्हणाले, "मामा, झेंडावंदनाला तरी तो पेचकस काढून ठेवत जा." मामा म्हणाले, "सायेब, झेंड्याची कप्पी आडकली तर मंग पळत जाऊ का आणायला?" आणि त्या वर्षी कप्पी खरंच अडकली. मुलं इतकी हसली की राष्ट्रगीत दोन मिनिटं उशिरा सुरू झालं. सेवापुस्तकातलं त्यांचं नाव मुलांना माहीतच नव्हतं. पेचकस मामा एवढंच नाव.

मी त्या शाळेत संगणक शिकवतो. माझ्याकडे पदवी आहे, प्रमाणपत्रं आहेत. मामा दहावीला दोनदा बसलेले. हे दोन्ही मला रोज आठवायचं, आणि ज्या माणसाला हे रोज आठवावं लागतं त्याच्या मनात काय चाललेलं असतं ते वाचणाऱ्यांनी ओळखावं. एखादं यंत्र बंद पडलं की मुली माझ्या समोर उभ्या राहून मलाच विचारायच्या, "सर, मामा कुठंयत?" मी तिथंच उभा असायचो.

त्यांचं एक वाक्य होतं, "उघडल्याबिगर मेलं म्हनू नये." ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नववीचा तास चालू होता. चौथ्या क्रमांकाचा संगणक सुरू होईना. मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "हा गेला. याचा मदरबोर्ड उडाला." मामा दारात झाडू घेऊन उभे होते. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, वाक्य म्हटलं आणि विचारलं, "उघडू का सर?" नाही म्हणणार कसं? त्यांनी झाकण काढलं, आतली रॅमची पट्टी उपसली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "माय, तुझं खोडरबर दे जरा." खोडरबरानं पट्टीचे पितळी दात घासले, फुंकर मारली, पट्टी बसवली. पडदा उजळला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "बस झालं. पुस्तकं काढा." मामा खोडरबर परत देताना त्या मुलीला म्हणाले, "काळं झालं बघ. उद्या नवं आणून देतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणूनही दिलं. त्या खोडरबराचाही मला राग आला होता.

काही वर्षांनी शाळेला नवे संगणक मिळाले आणि जुन्या अठरांचं काय करायचं हा प्रश्न आला. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. प्रस्ताव करायचा, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि डेडस्टॉक रजिस्टरमधून वस्तू कमी करायच्या. प्रस्ताव मी एका दुपारात लिहून काढला. त्याच सुमारास धाराशिवला या विषयावर एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. बोलावणं मला होतं. कचऱ्याचं कसलं प्रशिक्षण म्हणून मी मामांना पाठवून दिलं. तो दिवस मी घरी झोपून काढला.

मामा परत आले ते चौदा पानांची माहितीपत्रिका घेऊन. प्रत्येक ओळीखाली बोट धरून त्यांनी ती आठवडाभर वाचली. मग माझा प्रस्ताव घेऊन माझ्याच टेबलाशी उभे राहिले. "सर, ह्यात टेबल-खुर्च्या लिवल्यासारखं लिवलंय. ह्यांच्या पोटात काय काय हाय ते बघितलं का?"

"काय असणार? जुनं सामान."

"पोरांची नावं हायत. शिष्यवृत्तीचे फारम हायत, आधार नंबर हाय, बापाचा फोन हाय. नुसतं पुसून जात न्हाई म्हनं ते. डिस्क काढून भोकं पाडावी लागत्यात. आन् ह्या मोठ्या पोटाच्या पडद्यांत शिसं असतं. फोडलं तर मातीत जातं, मातीतनं हिरीत."

मुख्याध्यापक मागून ऐकत होते. म्हणाले, "मामांचं बरोबर आहे. त्यांच्या पद्धतीनं करू." मी मान हलवली. त्या दिवसापासून प्रयोगशाळेची मागची खोली मामांची झाली आणि माझ्या मनात जे पेटलं ते पुढं दोन वर्षं विझलं नाही.

ती खोली बघायला यावं अशी होती. भिंतीशी पडदे उभे, काच भिंतीकडे. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या लाकडी फळीवर, खाली जुनं पोतं. वायरींची वेटोळी दोरखंडासारखी खिळ्याला. स्क्रू लोणच्याच्या बरण्यांत, आकाराप्रमाणे. मुरुमच्या बाहेर ओढ्याकडे काही जण तांब्यासाठी वायरी जाळतात. मामा तिथंही जाऊन आले. मला ते कळलं एका पालकाकडून. मामा त्या जाळणाऱ्यांना म्हणाले होते, "तांबं दोन मुठी निघतंय, आन् धूर तुमच्याच लेकराच्या छातीत जातोय. वायरी मला आणून द्या. सोलापूरची गाडी येती, ती नीट नेती." असा ई-कचरा नेण्याचा परवाना असलेली ती गाडी तीन-चार महिन्यांनी एकदा यायची. बघता बघता आसपासच्या शाळाही आपला माल आमच्याकडे आणून ठेवू लागल्या. उमरग्याच्या एका शाळेतून फोन आला तो मीच उचलला. पलीकडून बाई म्हणाल्या, "संगणकवाले सर आहेत का? पेचकस मामा?" मी म्हणालो, "नाहीत," आणि फोन ठेवला. मामा तेव्हा माझ्यासमोर चहा ओतत होते.

असं लहान लहान खूप केलं मी. सगळ्यांत मोठी गोष्ट त्यातलीच एक होती, तेव्हा ती मोठी वाटली नाही. मामा प्रत्येक यंत्राची आणि प्रत्येक नियमाची चिठ्ठी लिहायचे. मी फर्मान काढलं की प्रत्येक चिठ्ठीवर प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझी सही हवी. खोलीचा मालक कोण ते सगळ्यांना दिसावं, एवढाच हेतू. मामा निमूटपणे चिठ्ठ्या आणायचे. मी मोबाइल बघत बघत खाली "पाहिले" लिहायचो आणि सही ठोकायचो. एकही वाचली नाही. शिपायाचं लिहिलेलं काय वाचायचं?

खंडेनवमीला आमच्याकडे शाळेतल्या यंत्रांचीही पूजा होते. नव्या संगणकांना हार घातले गेले. मामा कुंकवाची वाटी घेऊन मागच्या खोलीत गेले आणि जुन्या अठरांच्या कपाळालाही त्यांनी कुंकू लावलं. मी म्हणालो, "मामा, हे तर जाणारे आहेत. यांची कसली पूजा?" ते म्हणाले, "इतकी वर्सं राबली, सर. आन् मला खून पन होती." त्यांची खूण काय होती, हे त्यांनी पुढं सगळ्यांना समजावून सांगितलं. ज्याच्या आतली डिस्क काढून भोकं पाडली, त्याचं कुंकू ते ओल्या फडक्यानं पुसायचे. ज्याला कुंकू आहे, त्याच्या आत मुलांची माहिती अजून आहे, तो बाहेर जायचा नाही. सगळ्यांनी ऐकलं. मीही तिथंच होतो, पण मामा बोलायला लागले की मी खिडकीबाहेर बघायचो.

दिवाळीनंतर पंधरा संगणकांचं कुंकू पुसलं गेलं. तीन उरले. त्यांतली शिष्यवृत्तीची माहिती कार्यालयातल्या लिपिकाला अजून उतरवून घ्यायची होती, म्हणून ते थांबले होते.

त्याच सुमारास शिक्षण खात्याचे एक अधिकारी आले. त्यांनी नवी प्रयोगशाळा दोन मिनिटांत बघितली आणि मागच्या खोलीत पाऊण तास बसले. निघताना त्यांनी मामांचा हात हातात घेतला. "तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक शाळेत असता तर," असं म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणता विषय शिकवता?"

पुढच्या आठवड्यात मामा भाच्याच्या लग्नाला ईट गावी गेले. चार दिवसांची रजा. किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "गाडी आठा दिसांनी येतीय. तवर कशाला हात लावू नका, सर." हात लावू नका, हे मला, माझ्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या दिवशी फाटकासमोरून भंगारवाल्याचा गाडा चालला होता. मी त्याला थांबवलं. खोली मामांशिवायही रिकामी होते, हे मला दाखवायचं होतं. सगळी नाही, थोडी तरी. आत पंधरा संगणक साधे होते आणि तिघांच्या कपाळाला कुंकू. मला वाटलं, ज्यांना कुंकू आहे त्यांची पूजा होऊन निरोप झाला, हेच तयार असणार; बाकी पंधरांचं कुंकू का पुसलं, याचा विचारही मी केला नाही. ते तीन मी स्वतः उचलून गाड्यावर ठेवले. भंगारवाल्यानं कुंकवाकडे बघून विचारलंसुद्धा, "सर, पूजेचं हाय का काय?" मी म्हणालो, "घेऊन जा."

मामा परत आले आणि त्यांनी विचारलं, "ती तीन कुठं गेली?" तोपर्यंत लिपिकाचं काम त्या तिघांत अडकलंय हे कानावर आलं होतं आणि आपलं काहीतरी चुकलं असावं, एवढी शंका मला आली होती. मी म्हणालो, "कार्यालयात नेली असतील. लिपिकांना उतरवून घ्यायचं होतं ना?" त्यांनी विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात लिपिक लांबच्या रजेवर गेले आणि विषय तिथंच राहिला.

दीड महिन्यानं सातवीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. त्यांचं बसस्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. त्यांना काही दिवस अनोळखी फोन येत होते. पलीकडचा माणूस मुलीचं पूर्ण नाव, वर्ग, शाळा सांगायचा आणि शिष्यवृत्ती जमा करतो म्हणून मोबाइलवर आलेला आकडा मागायचा. त्यांनी तो दिला नव्हता. पण परवा उमरग्याला एका झेरॉक्सच्या दुकानात काही कामासाठी थांबले असताना, तिथल्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर त्यांना आपल्या मुलीचा गणवेशातला फोटो दिसला. त्यांनी त्या संगणकाचा फोटो काढून आणला होता. मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्यांनी मोबाइल ठेवला. काळ्या डब्याच्या पुढच्या बाजूला कुंकवाचा पुसट टिळा होता.

"माझ्या लेकीचा फोटू बाजारात हाय, सर," एवढंच ते म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "मामा, खोली तुमच्या ताब्यात होती ना?"

"व्हय."

"मग हा बाहेर गेला कसा?" मामा मोबाइलवरच्या टिळ्याकडे बघत होते. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला काही माहीत आहे?"

मी म्हणालो, "मागच्या खोलीचं सगळं मामाच बघतात." हे वाक्य मी नंतर हजारदा तपासून पाहिलं आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही.

मामांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मुलीच्या वडिलांना हात जोडून म्हणाले, "माझ्या ताब्यातलं व्हतं. माजी जिम्मेदारी हाय." दुसऱ्या दिवशी ते स्वतः उमरग्याला गेले, तिन्ही संगणक दारोदार विचारत शोधले, दुकानदारांसमोर डिस्का काढल्या आणि भोकं पाडून आणल्या. डेडस्टॉक रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिलं गेलं, "परिचराच्या निष्काळजीपणामुळे." मामांकडून प्रयोगशाळा काढून घेतली आणि त्यांना फाटकावर बसवलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

आठ महिने मी रोज सकाळी त्या फाटकातून आत गेलो. मामा रोज उठून नमस्कार करायचे. खिशात पेचकस तसाच असायचा. मुलं मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे सायकलची घंटी, कंपासपेटीचं बिजागर, तुटलेला चष्मा घेऊन जायची. तुम्हाला खोटं वाटेल, पण फाटकावरच्या त्या माणसाचाही मला हेवा वाटायचा. त्याला झोप लागत असणार, असं वाटायचं.

निरोपसमारंभात मी भाषण केलं. चांगलं केलं. त्यांच्या "उघडल्याबिगर मेलं म्हनू नये" या वाक्यावर लोकांना हसवलं आणि शेवटी गहिवर आणला. मामा मांडीवर शाल घेऊन खाली बघत होते. उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "पोरान्नो, खराब झालेलं टाकून देऊ नका. आदी उगडून बगा." बसले.

यंदा ते नवे संगणक जुने झाले. पुन्हा निर्लेखन, पुन्हा माझ्याकडे काम. मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट मी इतक्या वर्षांत उघडलं नव्हतं. मामांच्या बरण्या तशाच होत्या. दाराच्या आतल्या बाजूला खळीनं एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मामांचं मोठं, वळणदार, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर: "ज्याला कुंकू हाय त्यात डिस्क हाय. बाहेर देऊ नये." खाली "पाहिले." त्याखाली माझी सही.

मी खुर्चीवर बसलो. मला माहीत नव्हतं, एवढा एकच आधार मी मनाशी धरून ठेवला होता. तोही गेला. आणि मग दुसरं लक्षात आलं. ही चिठ्ठी कुठं आहे ते मामांना ठाऊक होतं. मुख्याध्यापकांना नुसतं कपाट उघडून दाखवलं असतं तरी पुरे होतं.

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. मुरुमपासून थोड्याच अंतरावर आहे. मामा ओसरीवर एक मिक्सर उघडून बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, बोटांनीच स्क्रू चाचपत होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "टिळा बघितला तवाच कळलं. मी ईटला व्हतो, किल्ली तुमच्यापाशी."

"मग बोलला का नाहीत? चिठ्ठी होती."

"तुमाला आजून लई वर्सं पोरांफुडं हुबं ऱ्हायाचं व्हतं. मी आठ म्हैन्यांचा सोबती." ते पुढं म्हणाले, आणि आता आवाज तितका मऊ नव्हता, "पर मला वाटलं, सर चार दिसांत येतील सांगायला. मग वाटलं, निरोपाच्या दिवशी येतील. तुमी भाशन करून गेलात. त्या दिवशी लई वाईट वाटलं, सर. फाटकावर बसल्याचं न्हाई वाटलं तेवढं."

मी माफी मागायला वाकलो. ते मागं सरकले. "मला नगं आदी. ज्याच्या लेकीचा फोटू बाजारात गेला, त्याला सांगा. शाळंच्या कागदावर लिवा. मंग या."

सायकलच्या दुकानात मी दुसऱ्या दिवशी गेलो. मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, हातातलं चाक फिरवणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "मी त्या म्हाताऱ्याला बाजारात कधी नमस्कार केला न्हाई, सर. इतकी वर्सं. तुमच्यामुळं." मग मी नव्या मुख्याध्यापकांसमोर सगळं लेखी दिलं. त्यांनी रजिस्टर काढलं. जुन्या शेऱ्याखाली माझ्याच हातानं लिहायला लावलं की तीन संगणक परिचर रजेवर असताना प्रयोगशाळाप्रमुखानं परस्पर दिले, परिचराचा दोष नाही. माझ्यावर काय कारवाई करायची ते संस्था ठरवेल. त्या पानाची नक्कल घेऊन मी पुन्हा मामांच्या ओसरीवर गेलो.

त्यांना अक्षर दिसेना, म्हणून मी वाचून दाखवलं. पुन्हा एकदा वाचा म्हणाले. पुन्हा वाचलं. शेजारचे दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. मामांनी त्यांना बसायला सांगितलं. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "मामा, कुंकू असलेले ते तीन संगणक मी दिले. तुम्ही सांगितलं होतं, लिहून ठेवलं होतं, त्यावर माझी सही होती. तुमचा हेवा करत होतो म्हणून मी ते वाचलं नाही आणि तुमचा हेवा करत होतो म्हणूनच गप्प बसलो. मी चुकलो. मला माफ करा."

मामांनी कागदाची घडी घातली आणि खिशात, पेचकसाच्या मागं ठेवली. मग मिक्सरचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "धरा हितं. मला दिसत न्हाई."